व्याख्या शेवटी लिहा: इतिहास-भूगोलाच्या संज्ञा डोक्यात बसवण्याची रीत

‘संयोगभूमी आणि सामुद्रधुनी यांतील फरक स्पष्ट करा.’ या प्रश्नाचं उत्तर वर्गातल्या बहुतेक मुलांना पाठ असतं, आणि तरीही दरवर्षी दोन-चार जण रकाने उलटे लिहून येतात. वाक्यं अचूक, शुद्धलेखन चोख, वरची नावं तेवढी अदलाबदल झालेली. घरचे म्हणतात, पाठांतर कमी पडलं. मला वाटतं, पाठांतर फार लवकर झालं. शब्द कळण्याआधी त्याची व्याख्या तोंडात बसली, आणि आता ती कुठल्याही शब्दाखाली बसायला तयार आहे.

म्हणून खालच्या रीतीत व्याख्या सगळ्यांत शेवटी येते. नववी-दहावीच्या मुलांनी ही रीत एकेका संज्ञेवर वापरायची आहे. सुरुवातीला एका संज्ञेला पंधरा मिनिटं लागतील, नंतर पाच. शंभर संज्ञांची यादी समोर ठेवून घाबरू नका. त्यांतल्या तीस नीट झाल्या की उरलेल्या पुष्कळशा त्यांच्याच नात्यातल्या निघतात.

पहिली पायरी: शब्द फोडा

पाठ्यपुस्तकातल्या बहुतेक संज्ञा संस्कृतातून जुळवून केलेल्या आहेत. त्या अवघड वाटतात, पण फोडल्या की अर्थ आतच सापडतो. ‘सामुद्रधुनी’ घ्या. धुनी म्हटलं की साधूपुढे पेटलेली धुनी आठवते आणि मुलं गोंधळतात. संस्कृतात धुनी म्हणजे नदी. गंगेला स्वर्धुनी म्हणतात ती याच अर्थाने, स्वर्गातली नदी. तर सामुद्रधुनी म्हणजे जणू समुद्राची नदी: दोन मोठ्या जलाशयांना जोडणारी पाण्याची चिंचोळी वाट, दोन्ही काठांना जमीन. आता ‘संयोगभूमी’ पाहा. भूमी आहे आणि ती संयोग करते, म्हणजे दोन मोठ्या भूभागांना जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना पाणी. धुनीत पाणी आहे हे एकदा कळलं की रकाने उलटत नाहीत.

विषुव म्हणजे दिवस आणि रात्र सारखी असण्याची वेळ, म्हणून विषुववृत्त. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य याच वृत्तावर डोक्यावर येतो. भूमध्य समुद्र म्हणजे जमिनींच्या मध्ये असलेला. मेसोपोटेमिया हा ग्रीक शब्द, अर्थ नद्यांमधला प्रदेश. युफ्रेटिस आणि तैग्रिस या त्या दोन नद्या. गंगा-यमुनेच्या मधल्या प्रदेशाला आपण दुआब म्हणतो, दो आणि आब, दोन पाणी. दोन भाषांनी सारख्याच जागेला सारखंच नाव दिलं आहे.

इतिहासातला ‘क्रांती’ हा शब्द ‘क्रम्’ या धातूवरून आला, म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. संक्रांत आणि आक्रमण ही त्याची भावंडं. सूर्य एका राशीतून दुसरीत पाऊल टाकतो ती संक्रांत. समाज एका व्यवस्थेतून दुसरीत पाऊल टाकतो ती क्रांती. ‘बंड’ आणि ‘क्रांती’ यांतला फरक इथेच उमगतो. बंडात माणसं उठतात, पण व्यवस्था तीच राहू शकते. फ्रान्समध्ये १७८९ नंतर राजा, सरदार आणि चर्च यांचे जन्मजात अधिकारच मोडीत निघाले, म्हणून ती राज्यक्रांती.

मात्र फोड कधी कधी फसवते, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. शीतयुद्धाचा थंडीशी संबंध नाही. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांनी एकमेकांवर थेट तोफा डागल्या नाहीत, म्हणून ते शीत. व्यापारी वाऱ्यांचं नाव इंग्रजीतून भाषांतर होऊन आलं, पण त्या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ ठरलेली वाट असा होता. व्यापाराचा अर्थ मागाहून चिकटला. ‘सरंजामशाही’ तर आपल्याच इतिहासातून उचललेली. मराठेशाहीत सरदाराला फौज बाळगण्यासाठी जो मुलूख नेमून देत, तो सरंजाम. युरोपातला जहागीरदारही राजाकडून जमीन घेऊन त्याला सैन्य पुरवी, म्हणून मराठीने हा शब्द तिकडे लावला. पण युरोपातली जमिनीला बांधलेली भूदास कुळं या शब्दात दिसत नाहीत, ती वेगळी लक्षात ठेवावी लागतात.

दुसरी पायरी: नकाशावर बोट ठेवा

रंगवलेला नकाशा नको. कोरा जगाचा आराखडा घ्या आणि संज्ञेसाठी निदान एक खरी जागा शोधा. सामुद्रधुनीसाठी जिब्राल्टर, होर्मुझ, मलाक्का, बाब-अल-मांडेब, बॉस्फरस. संयोगभूमीसाठी सुएझ आणि पनामा. मग स्वतःला विचारा, ही वाट बंद झाली तर जहाज कुठून जाईल?

सुएझच्या पट्टीवर हा प्रश्न विचारून बघा. १८६९ साली त्या संयोगभूमीतून कालवा खुला झाला आणि युरोपातून मुंबईला येणारं जहाज आफ्रिकेला वळसा न घालता येऊ लागलं. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात कालवा बंद पडला तो १९७५ पर्यंत. आठ वर्षं जहाजं पुन्हा केप ऑफ गुड होपच्या वळशाने जात होती. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ नावाचं एकच जहाज आडवं अडकलं आणि सहा दिवस सगळी वाहतूक खोळंबली. जमिनीची चिंचोळी पट्टी जगाच्या व्यापाराला किती महाग पडते, हे या तीन सालांत आलं. १९१४ मध्ये पनामात दुसरी पट्टी कापली गेली.

इथेच अक्षवृत्त आणि अक्षांश यांचा घोळ मिटवून टाका. वृत्त म्हणजे कल्पलेलं वर्तुळ, अंश म्हणजे कोनाचं माप. विषुववृत्ताला समांतर जे वर्तुळ, ते अक्षवृत्त. ते विषुववृत्तापासून किती अंशांवर आहे हे सांगणारा आकडा तो अक्षांश. ही वर्तुळं कल्पित असली तरी माणसांनी त्यांवर खरी कुंपणं घातली आहेत. इजिप्त आणि सुदान यांची सीमा बरीचशी २२° उत्तर अक्षवृत्तावरून जाते, अमेरिका आणि कॅनडाची पश्चिमेकडची लांबलचक सीमा ४९° उत्तरवरून. १९४५ मध्ये ३८° उत्तर अक्षवृत्तावर कोरिया दोन भागांत वाटला गेला. युद्धानंतरची आजची रेषा तिथून थोडी सरकली आहे, पण बातम्यांत अजून ‘३८वं अक्षवृत्त’च म्हणतात. नकाशात सीमा पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसली की ती बहुधा कुठल्यातरी टेबलावर ठरली असं समजा. डोंगर आणि नद्या सरळ रेषेत चालत नाहीत.

तिसरी पायरी: आकडा स्वतः काढून बघा

काही संज्ञा वाचून कळतच नाहीत, हिशोब केल्यावर कळतात. प्रमाणवेळ त्यांतली पहिली. पृथ्वी २४ तासांत ३६०° फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. भारताचं प्रमाण रेखावृत्त ८२° ३०′ पूर्व, मिर्झापूरजवळून जाणारं. ८२.५ ला ४ ने गुणा: ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. ग्रिनिचपेक्षा आपण साडेपाच तास पुढे का, याचं उत्तर एवढंच आहे.

आता मुंबई. ती सुमारे ७२° ५०′ पूर्वेला आहे. प्रमाण रेखावृत्तापासून फरक जवळजवळ ९.६७ अंश, गुणिले ४, म्हणजे सुमारे ३९ मिनिटं. सूर्याच्या हिशोबाने मुंबई भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे आहे. हा नुसता गणितातला फरक नव्हे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईत ३९ मिनिटं मागे चालणारी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होती. स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ यांतला फरक लिहायचा असेल तर हे उदाहरण द्या. ते घरचं आहे आणि आकड्यासकट आहे.

वाररेषेचंही तसंच. मॅगेलनच्या मोहिमेतलं ‘व्हिक्टोरिया’ जहाज पृथ्वीला पश्चिमेकडून फेरी मारून १५२२ मध्ये स्पेनला परतलं. स्वतः मॅगेलन आदल्या वर्षीच फिलिपिन्समध्ये मारला गेला होता, आणि त्या जहाजावर उरले होते १८ जण. वाटेत केप व्हर्ड बेटांवर त्यांना कळलं की तिथे गुरुवार आहे आणि आपल्या नोंदवहीत बुधवार. नोंदी रोज नीट ठेवल्या होत्या, चूक कुठेच नव्हती. सूर्याबरोबर पश्चिमेकडे जात राहिल्याने त्यांचा प्रत्येक दिवस किंचित लांबत होता, आणि पूर्ण फेरीत अख्खा एक दिवस त्यांच्या मोजणीतून गळला. पुढे १८०° रेखावृत्ताच्या आसपास वार बदलण्याची रेषा ठरली ती हाच हिशोब सांभाळायला. ती रेषा देशांच्या सोयीने वाकडी होते. २०११ मध्ये सामोआने तिची बाजू बदलली, तेव्हा तिथल्या लोकांना ३० डिसेंबर हा दिवस मिळालाच नाही.

इतिहासातला असाच हिशोब इसवी सनपूर्वचा. ज्युलियस सीझरचा खून इ.स.पू. ४४ मध्ये, ऑगस्टसचा मृत्यू इ.स. १४ मध्ये. मध्ये किती वर्षं? ५८ लिहिलंत तर चुकलात. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, शून्य वर्ष नाही, म्हणून बेरजेतून एक वजा: ५७. शतकाचंही भान ठेवा. १४९८ हे पंधरावं शतक, १७८९ अठरावं, आणि १९०० हे अजून एकोणिसावंच. जुन्या मराठी कागदांत शक भेटला तर ७८ मिळवा: राज्याभिषेक शके १५९६, म्हणजे १६७४.

चौथी पायरी: जुळी भावंडं शेजारी बसवा

परीक्षेत गुण जातात ते अनोळखी शब्दांत फारसे नाहीत. ते जातात सारख्या दिसणाऱ्या जोड्यांत. म्हणून प्रत्येक संज्ञेला विचारा, तुझ्याशी कोणाचा घोटाळा होतो?

सगळ्यांत फसवी जोडी हवा आणि हवामान. पाठ्यपुस्तकात हवा म्हणजे एका ठिकाणची, त्या वेळची वातावरणाची स्थिती. हवामान म्हणजे तिथल्या हवेची दीर्घकाळाची सरासरी, साधारणतः तीस वर्षांची धरतात. पण रोज टीव्हीवर सांगतात तो ‘हवामानाचा अंदाज’, आणि तो असतो उद्याच्या हवेचा. बोलण्यातला शब्द आणि पुस्तकातला शब्द इथे भांडतात, यात मुलांचा दोष नाही. उत्तरपत्रिकेत पुस्तकाचा अर्थ पाळा. ‘आज महाबळेश्वरला धुकं आहे’ ही हवा. ‘महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो’ हे हवामान. तिथून सुमारे तीस किलोमीटरवरच्या वाईत त्याच्या तुलनेत पाऊस फारच थोडा, म्हणून वाई पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात.

विदारण आणि क्षरण: विदारणात खडक जागच्या जागी फुटतो, क्षरणात झीज होऊन तुकडे वाहून जातात. हलला का, एवढंच विचारा. डोंगराचा मोठा भाग गुरुत्वाकर्षणाने घसरून खाली येतो ती विस्तृत झीज. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेलं, ते याचं उदाहरण.

त्रिभुज प्रदेश आणि खाडी: गोदावरी, कृष्णा गाळ टाकत बंगालच्या उपसागराला मिळतात, मुखाशी त्रिकोणी मैदान तयार होतं. कोकणातल्या नद्या आखूड आणि वेगवान. त्यांच्या मुखांत भरतीचं पाणी आत शिरतं, म्हणून दाभोळ, जयगड, तेरेखोल इथे खाड्या.

वाऱ्यांत एक हमखास चूक होते. वारा जिथून येतो त्या दिशेचं नाव त्याला मिळतं. नैऋत्य मोसमी वारे नैऋत्येकडून येतात. बाण उलटा काढू नका.

वसाहतवाद आणि साम्राज्यवाद यांवर जरा थांबू. वसाहत या शब्दात वसणं आहे. दुसऱ्यांच्या भूमीत आपली माणसं, आपली सत्ता बसवायची आणि तिथला माल, मजूर, बाजार आपल्यासाठी वापरायचा, तो वसाहतवाद. साम्राज्यवाद त्याहून रुंद. तिथे माणसं वसवण्याची गरज नाही. कर्ज, तह, तोफांची नौका किंवा नुसता धाक यांनीही दुसऱ्या देशावर हुकमत चालते. एकोणिसाव्या शतकातला चीन बराचसा असाच दबला. हाँगकाँग ही ब्रिटिशांची वसाहत, पण बाकीच्या चीनवर चाललेली दडपणूक साम्राज्यवादी. एकाच देशात दोन्ही संज्ञा शेजारी दिसतात, म्हणून मी हेच उदाहरण सांगतो.

‘प्रबोधन’ या शब्दाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. काही मराठी पुस्तकं इटलीत चौदाव्या-पंधराव्या शतकात सुरू झालेल्या कला-विद्येच्या बहराला प्रबोधन म्हणतात, तर काही अठराव्या शतकातल्या बुद्धिवादी विचारांना. दोन्हींच्या मध्ये मार्टिन ल्यूथरची १५१७ पासूनची धर्मसुधारणा येते. शब्दावर विसंबू नका, शतक बघा. लिओनार्दो असेल तर पहिलं, व्हॉल्तेअर असेल तर दुसरं.

पाचवी पायरी: साखळी ओवा

आता इतिहास आणि भूगोल यांच्यातली भिंत काढा. एका संज्ञेपासून निघा आणि ‘मग काय झालं?’ विचारत पाच संज्ञा जोडा. माझी आवडती साखळी मोसमी वाऱ्यांची.

मॉन्सून हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून आला, म्हणजे ऋतू. आपला मोसमही तोच. अरब खलाशांना वाऱ्याचं वेळापत्रक पाठ होतं. उन्हाळ्यात वारा आफ्रिकेकडून भारताकडे, हिवाळ्यात उलटा. वास्को द गामा एप्रिल १४९८ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीहून स्थानिक वाटाड्या घेऊन निघाला आणि सुमारे २३ दिवसांत समुद्र ओलांडून कालिकतजवळ पोचला. परतताना त्याने हा हिशोब पाळला नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, वारा पुरता फिरायच्या आत, गोव्याच्या दक्षिणेकडच्या अंजदीव बेटावरून तो निघाला आणि आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. वाटेत स्कर्व्ही या रोगाने कितीतरी खलाशी मेले. तोच समुद्र, तीच जहाजं, फरक वाऱ्याचा.

पुढे पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने समुद्राची कुलपंच हातात घ्यायचं ठरवलं. १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ. तांबड्या समुद्राचं तोंड बंद करायला १५१३ मध्ये त्याने एडनवर हल्ला केला, तो फसला. नकाशावर ही चार ठिकाणं मांडा. मलाक्का आणि होर्मुझ सामुद्रधुन्यांवर, एडन बाब-अल-मांडेबच्या तोंडाशी, आणि गोवा या सगळ्यांच्या मधोमध. मोसमी वारे, भौगोलिक शोध, सामुद्रधुनी, सागरी मक्तेदारी, वसाहत: पाच संज्ञा एका दोऱ्यात आल्या. यातली कुठलीही एक टीप म्हणून विचारली तर बाकीच्या चार तिला मजकूर पुरवतात.

साखळी जमत नसेल तर एकाच सालाच्या दोन घटना पकडा. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत ग्रिनिचचं रेखावृत्त मूळ म्हणून ठरलं. पुढच्याच महिन्यात बर्लिनमध्ये दुसरी परिषद सुरू झाली, आफ्रिकेवर हक्क सांगण्याचे नियम ठरवायला, आणि तिथे आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. किंवा १९६१ घ्या. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहू लागली आणि सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला अलिप्त देशांची पहिली शिखर परिषद भरली. ‘अलिप्ततावाद म्हणजे तटस्थता नव्हे’ हे वाक्य पाठ करण्यापेक्षा ही दोन दृश्यं शेजारी ठेवा. एकीकडे शहर चिरत जाणारी भिंत, दुसरीकडे कुठल्याच गोटात न जाता जगाच्या प्रश्नांवर मत द्यायला जमलेले नेहरू, नासर, टिटो.

सहावी पायरी: आता वही काढा

एका संज्ञेला एक पान. चार कोपऱ्यांत चार गोष्टी: फोड, जागा, साल किंवा आकडा, आणि जिच्याशी घोटाळा होतो ती जुळी संज्ञा. मधली जागा कोरी सोडा. दोन-तीन दिवसांनी पान उघडा, कोपरे हाताने झाका, काय आठवतं ते मोठ्याने सांगा. आठवलं नाही तो कोपरा लाल पेनने गिरवा. आठवड्याने पुन्हा तेच. तेव्हा कुठे मधल्या कोऱ्या जागेत स्वतःच्या शब्दांत दोन ओळींची व्याख्या लिहा आणि पुस्तकातल्या व्याख्येशी ताडून बघा. पुस्तकातला एखादा नेमका शब्द तुमच्यात नसेल, समजा सामुद्रधुनीत ‘अरुंद’ राहिलं, तर तेवढा घाला. बाकी वाक्य तुमचंच ठेवा.

‘संकल्पना स्पष्ट करा’ आलं की उत्तर मात्र या क्रमाने उतरवा: पहिल्या वाक्यात व्याख्या, मग कारण, मग जागा आणि साल. ‘फरक स्पष्ट करा’ आलं तर दोन्ही रकान्यांत एकाच मुद्द्यासमोर एकच मुद्दा येऊ द्या. डावीकडे स्थान लिहिलंत आणि उजवीकडे उपयोग, तर तो फरक होत नाही.

सुरुवात ‘भूशिर’पासून करा. फोड सोपी आहे, जागा आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे मिळेल, साल १४८८, पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियास त्या टोकाला वळसा घालून गेला तेव्हाचं. जुळी संज्ञा ‘द्वीपकल्प’. भारताच्या नकाशात कन्याकुमारी काढून बघा आणि ठरवा, तिला कोणत्या पानावर जागा द्यायची.